मी काळा केलेला चौकोन

माझे सासरे कोणाकडे काही मागत नसत. पाणीसुद्धा नाही. तहान लागली की स्वतः उठून माठापर्यंत जायचे, आणि हातातला पेला थरथरून अर्धा शर्टावर सांडला तरी "उकडतच होतं, बरं झालं" म्हणायचे. अशा माणसानं एका शनिवारी दुपारी माझ्यापुढे एक कागद धरला आणि म्हटलं, "तुझ्या त्या यंत्रावर हे होईल का? वेळ असेल तर. नसेल तर राहू दे."

त्या कागदाचं मी काय केलं, ते सांगायचंय. आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. धाडस आलंय म्हणून सांगतेय असं समजू नका, गप्प बसण्याचा आता वीट आलाय.

तेव्हा आम्ही बिबवेवाडीत राहायचो, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. मी वर्ध्याकडची. लग्न होऊन पुण्यात आले आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले. हुद्दा टेक्निकल रायटर. इंजिनिअरांनी केलेली वस्तू कशी वापरायची, ते साध्या माणसाला समजेल असं लिहायचं, आणि वर्डमध्ये नाना तऱ्हेचे फॉर्म बनवायचे, हे माझं काम. माहेरी सांगायचे, "पोरगी कंपनीत काहीतरी लिहून राहिली." बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, हे वाक्य फार आवडायचं. मी घरी आले की विचारायचे, "काय, आज काय लिहून राहिलात आपण?" ते 'आपण' पुणेरी होतं. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे मला सहा महिन्यांनी कळायला लागलं.

बाबा एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर उभं राहून ड्रॉइंग बोर्डावर यंत्रांचे सुटे भाग काढले. मग देशात वारं बदललं, कारखान्यात कॉम्प्युटर आले, बोर्ड भंगारात गेले आणि बाबा स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी आले. सोबत एक सेट स्क्वेअर, शाईची पेनं आणि ट्रेसिंग पेपरची एक गुंडाळी आणली. कॉम्प्युटरला ते कधी कॉम्प्युटर म्हणायचे नाहीत, यंत्र म्हणायचे. मी घरी घेतला त्या दिवशी त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि फक्त एवढं म्हणाले, "आला का इथपर्यंत."

त्यांना दोन मुलगे. धाकटा माझा नवरा. थोरले दीर अमेरिकेत, इंजिनिअरांच्या अगदी पहिल्या लाटेत गेलेले. मीही त्यांना दादाच म्हणते. सासूबाई मी या घरात येण्याआधी दोन वर्षं गेल्या. दादा वेळेवर पोचू शकले नाहीत, आणि नंतरही आले नाहीत. त्यांचं आणि बाबांचं फोनवर काहीतरी झालं होतं. लग्नानंतर नवऱ्यानं मला एकदाच सांगितलं, "बाबा काहीतरी बोलले, दादानं फोन ठेवला. ते दोघं बोलत नाहीत. तू विचारू नकोस." मी विचारलं नाही. सासर नवीन होतं, आणि भरल्या घरात जुनं उकरायची मला हौस नव्हती.

फोनवर ते बोलत नसत. पण त्यांची शब्दकोडी जायची-यायची.

म्हणजे असं, की बाबा महिन्याला एक कोडं बनवायचे. मुलं लहान असताना दर रविवारी बनवून द्यायचे म्हणे, तीच सवय. ट्रेसिंग पेपरवर शाईनं अकरा बाय अकराचे चौकोन, काळे चौकोन गच्च भरलेले, खाली आडवे प्रश्न, उभे प्रश्न, प्रत्येकापुढे कंसात अक्षरांचा आकडा. त्याची झेरॉक्स काढायची, लिफाफ्यात घालायची आणि विमानाच्या टपालानं अमेरिकेला. तीन-चार आठवड्यांनी ते कोडं भरून परत यायचं. बाबा लाल पेन्सिल घेऊन तपासायचे आणि एका निळ्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये लावायचे. लिफाफ्यात दुसरा कागद नसायचा. कसा आहेस नाही, बरा आहे नाही. दादा दर रविवारी माझ्या नवऱ्याला फोन करायचे, तेव्हा बाबा गॅलरीत पेपर घेऊन बसायचे आणि आतल्या दिशेला न बघता म्हणायचे, "विचार त्याला, कोडं पोचलं का."

बाप आणि मुलगा यांच्यात उरलं होतं ते एवढंच, हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

मग बाबांचा हात थरथरायला लागला. आधी उजवा, मग दोन्ही. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. बाबा म्हणाले, "वा, नावही वळणदार आहे." जेवताना चमचा ताटावर वाजायचा, त्याचं त्यांना काही वाटत नसे. पण रेघ वाकडी आली की चेहरा उतरायचा. ज्या माणसानं आयुष्यात वाकडी रेघ काढली नाही, तो सेट स्क्वेअर दाबून धरायचा, आणि पट्टीसकट सगळंच सरकायचं. त्या वर्षी दोन महिने कोडंच गेलं नाही. नवरा म्हणाला, "बाबा, वाकडं तर वाकडं, दादाला काय फरक पडतो?" बाबा म्हणाले, "मला पडतो."

आणि मग तो शनिवार. कागदावर पेन्सिलनं काढलेलं कोडं होतं. तीन आठवडे ते त्यावर बसले होते. टोपलीत किती कागद गेले, ते मी रोज केर काढताना बघत होते. कोपऱ्याकोपऱ्यावर खोडून कागद पातळ झाला होता. सोबत दुसरा कागद घडी घालून दिला, उत्तरांचा. "हा पाठवायचा नाही. तुला कुठे अडलं तर बघ. आणि ते असं होतं ना तुमच्यात, की त्यानं तिथल्या तिथे भरायचं आणि परत पाठवायचं? मग टपालाला महिना नको लागायला." ज्या यंत्रानं त्यांचा बोर्ड भंगारात घातला, त्याच यंत्रापुढे ते कागद धरून उभे होते. घाई असल्याशिवाय हे त्यांनी केलं नसतं. हे मला आत्ता कळतं. तेव्हा मला फक्त असं वाटलं, की अरे वा, शेवटी माझ्या विद्येची गरज पडली.

"होईल की, बाबा. हेच तर करते मी दिवसभर," असं मी ऐटीत म्हणाले.

आणि खरंच झकास केलं. त्याचा आजही राग येतो, की किती झकास केलं. अकरा ओळी, अकरा रकाने यांचं टेबल घातलं. उंची-रुंदी पक्की केली, म्हणजे अक्षर भरल्यावर चौकोन फुगायला नको. काळे चौकोन काळे केले. प्रत्येक पांढऱ्या चौकोनात लिहिण्यापुरती जागा ठेवली आणि बाकी सगळा कागद कुलूपबंद, म्हणजे भरणाऱ्याचा चुकून धक्का लागून प्रश्न हलायला नको. आधी मी प्रत्येक जागेत कळीचा एकच ठोका मावेल अशी मर्यादा घातली होती, इंग्रजी फॉर्मची सवय. करून बघितलं तर 'छत्री'तला 'त्री' आत शिरेना, नुसता 'त' घेऊन गप्प. मग स्वतःशीच हसले आणि मर्यादा वाढवली. कसून तपासणारी बाई मी. पासवर्डसुद्धा घातला, माझ्यानंतर कोणी काही बदलू नये म्हणून.

मग प्रश्न टाइप करायला घेतले आणि माझं डोकं फिरलं.

"स्वारगेटला आपण दोघं विसरून आलो ती. (२)" आता यावरून कोणाला काय कळणार? उत्तराच्या कागदावर बघितलं, छत्री. "शाळेत जाताना तू रोज लाथ मारत न्यायचास तो. (३)" दगड. "आई मोजून वाढायची, तू मोजून चोरायचास. (४)" अळूवडी. मी कपाळावर हात मारला. काय बाप्पा हे! हे प्रश्न का प्रश्नाची थट्टा? आमच्या खात्यात पहिल्या दिवशी शिकवलेलं, की एका वाक्याचा एकच अर्थ निघाला पाहिजे, आणि वाचणारा अडला तर चूक लिहिणाऱ्याची. मला वाटलं, म्हातारपण आलं. बिचाऱ्यांना आता नीट प्रश्न सुचत नाहीत. आणि हे असलं माझ्या हातून, माझ्या नावच्या ईमेलनं, अमेरिकेतल्या इंजिनिअर दिरांकडे जाणार. सुनेला काही येत नाही म्हणतील.

म्हणून मी ते सुधारले.

छत्रीला लिहिलं, "पावसात डोक्यावर धरतात." दगडाला लिहिलं, "पाषाण." अळूवडीला लिहिलं, "पानांना पीठ लावून केलेला पदार्थ." धडाधड. एकेका प्रश्नाला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. सगळे मिळून पंधरा-सोळा प्रश्न असे निघाले. बाकीचे साधे होते, नद्या, झाडं, रामाचे भाऊ.

आडवे अकरा होतं, "मी तुला तेव्हा फोनवर म्हणालो, ते काय होतं? (२)" उत्तर, चूक.

इथे मी थांबले होते. खोटं कशाला बोलू, थांबले होते. फोनवर काहीतरी झालं होतं हे मला माहीत होतं, आणि प्रश्नात 'फोनवर' लिहिलेलं होतं. शेंबड्या पोराला कळलं असतं. पण मी 'तेव्हा म्हणजे केव्हा' यावर अडले, सवयीप्रमाणे, आणि कामाच्या वेगात होते. लिहिलं, "बरोबरच्या विरुद्ध. (२)" आणि पुढे गेले.

शेवटचा उभे एकोणीस. उजवीकडे खाली, कोपऱ्याशी, चारी बाजूंनी काळे चौकोन आणि मध्ये एकच पांढरा. कशालाच जोडलेला नाही. प्रश्न होता, "आता एवढंच उरलं. (१)" उत्तराच्या कागदावर त्या चौकोनात लिहिलेलं होतं, "ये". इतर सगळ्या अक्षरांपेक्षा ते स्वच्छ आलं होतं. मला वाटलं, एखादा शब्द सुरू करून सोडून दिलाय. शब्दकोड्यात एका अक्षराचा शब्द नसतो, हे कोणीही सांगेल. सुटा चौकोन नसतो. ही चक्क चूक होती.

बाबा पलीकडच्या खोलीत बसले होते. दहा पावलं. "बाबा, हे काय आहे?" एवढं विचारायला मला काय धाड भरली होती? पण सोमवारी कंपनीत माझा वर्षाचा आढावा होता, त्याची तयारी राहिली होती, आणि म्हाताऱ्या माणसाला त्याची चूक दाखवून कशाला दुखवा, असं स्वतःला समजावलं. चौकोनावर माउस नेला आणि तो काळा केला. प्रश्न खोडला. सुटसुटीत दिसायला लागलं.

बाबांना बोलावून पडद्यावर दाखवलं. त्यांनी चष्मा सारखा केला, वाकले, आणि कागदावरून फिरवावं तसं पडद्याच्या काचेवरून बोट फिरवलं. "रेघा सरळ आल्या," म्हणाले. दोनदा म्हणाले. प्रश्न वाचायला ते थांबले नाहीत. आपण लिहिलेलं आहे तसंच आलं असणार, असं ते धरून चालले. ड्राफ्ट्समनच्या जगात ट्रेस करणारा मूळ ड्रॉइंग सुधारत नाही.

"गेलं?" त्यांनी विचारलं.

"गेलं, बाबा. पोचलंसुद्धा."

"इतक्यात?" त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "बरं."

त्यानंतर आठ दिवस रोज, मी कंपनीच्या बसमधून उतरून तीन मजले चढून धापा टाकत आत आले, की ते पेपरच्या आडून विचारायचे, "काही आलं?" पहिले चार दिवस मी "नाही, बाबा" म्हणाले. पाचव्या दिवशी म्हणाले, "अहो, येईल की, ते नोकरी करतात." सहाव्या दिवशी त्यांनी विचारलं नाही, पण पेपर खाली घेतला. त्या रविवारी दादांचा फोन आला तेव्हा ते गॅलरीत गेले नाहीत. आतच बसले, टेलिफोनच्या शेजारच्या खुर्चीत. नवऱ्यानं हवापाणी बोलून फोन ठेवला. बाबांनी विचारलं, "काही म्हणाला?" नवरा म्हणाला, "नाही. कशाबद्दल?"

नवव्या दिवशी उत्तर आलं. मी आनंदानं छापलं आणि बाबांच्या हातात दिलं. सगळे चौकोन भरलेले, सगळी उत्तरं बरोबर. ईमेलमध्ये मला उद्देशून एक ओळ, भरून पाठवत आहे, कष्टांबद्दल आभार.

बाबांनी लाल पेन्सिल घेतली. वाचायला लागले. मी शेजारीच उभी होते, शाबासकीसाठी. बराच वेळ त्यांनी पेन्सिल टेकवलीच नाही.

"हे प्रश्न कोणाचे?"

"मीच थोडे सुधारले, बाबा. तुमचे जरा अस्पष्ट होते. वाचणाऱ्याला कळले नसते."

"अस्पष्ट," ते म्हणाले. मग बोट घसरत घसरत खाली उजव्या कोपऱ्यात गेलं. "आणि हा?"

"एका अक्षराचा शब्द नसतो ना कोड्यात. नियमात बसत नाही."

त्यांनी मान हलवली. "खरंय. नियमात बसत नाही." पेन्सिल खिशात ठेवली आणि कागद माझ्याकडे दिला. "फाइलला लावून टाक. रेघा छान आल्यात."

त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. एखादा खास पुणेरी टोमणा हाणला असता तरी मी जगले असते. पण ते उठले, माठापर्यंत गेले आणि पाणी न पिताच तिथे उभे राहिले.

निळी फाइल मी तोवर कधी उघडली नव्हती. कागद लावायला उघडली आणि जुनं कोडं समोर आलं. "माझ्या चष्म्यावर कोण बसलं होतं? (२)" बाबांना हवं होतं 'तूच'. दादांनी भरलं होतं 'आई'. त्यावर लाल काट, आणि बाजूला बाबांच्या अक्षरात, "खोटं!" पुढचं उघडलं. "तुझ्याकडे आता काय पडलंय? (२)" 'बर्फ'. लाल पेन्सिलनं, "टोपी घाल." पुढच्या महिन्यात एक प्रश्न, "घातलीस का? (१)" आणि चौकोनात, 'हो'. एका अक्षराचा. सुटा. चारी बाजूंनी काळे.

मी तिथेच खाली बसले. कोडं कसलं, पत्रं होती ती. वर्षानुवर्षांची. आणि या वेळचं पत्र मी दुरुस्त केलं होतं. बाप म्हणत होता की माझी चूक झाली, ये, आणि मी त्यातली चूक राहू दिली आणि 'ये' काळं केलं.

यापुढचं सांगायची खरी लाज वाटते. आधीचं अज्ञान म्हणता येईल, यापुढचं नाही.

मूळ कागद माझ्याकडे होता. एका तासात सगळं तसंच्या तसं टाइप करून पाठवता आलं असतं. दादा, माफ करा, मी गाढव आहे, खरं कोडं हे. मी टाइप करायला बसलेही. "प्रिय दादा" लिहिलं. मग डोळ्यांपुढे आलं, दादा नवऱ्याला सांगतील, नवरा म्हणेल, तू बाबांचं पत्र बदललंस? आढाव्यात मला नुकतीच बढती मिळाली होती, आणि कारण लिहिलं होतं, नेमकेपणा. मी ते पुसलं. येत्या शनिवारी निवांत लिहू म्हटलं. येता शनिवार आला. मग त्याच्या पुढचा. थोड्या दिवसांनी मूळ कागद, उत्तरांच्या कागदासकट, मी फाइलच्या अगदी मागच्या कप्प्यात सरकवला, डोळ्यांसमोर नको म्हणून.

बाबांनी पुन्हा कोडं केलं नाही. मी एकदा विचारलं, अगदी आवाज मऊ करून, "बाबा, या महिन्याचं देताय ना? मी आहे तसंच टाइप करीन." त्यांनी हात वर करून दाखवला, थरथरता. "आता हात चालत नाही." मला चांगलं माहीत होतं की हाताचा काही संबंध नव्हता. पण मी "हो ना" म्हणाले आणि पोळ्या लाटायला गेले. त्यांनी मला पळवाट दिली आणि मी तिच्यातून पळाले.

दोन वर्षं गेली. बाबा पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. नवऱ्यानं दादांना "ये" म्हटलं. ते त्याला म्हणता आलं. दादा पंधरा दिवसांसाठी आले. पांढरे झालेले केस, हातात चॉकलेटांच्या पिशव्या, आणि दारात चप्पल काढतानाच ओरडल्यासारखं "बाबा". बाबांचा आवाज तोवर अगदी बारीक झाला होता, त्या आजारात होतो तसा. कान लावून ऐकावं लागायचं. पहिले चार दिवस दोघं औषधं, डॉक्टर, उशी वर-खाली यावरच बोलले.

पाचव्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन खोलीत गेले, तर दादा पलंगाच्या कडेला बसले होते आणि मांडीवर निळी फाइल. हसत होते. "चष्म्यावर मीच बसलो होतो, बाबा. आता कबूल करतो." बाबाही हसले. दादा पानं उलटत मागे मागे गेले. मला पुढे होऊन फाइल काढून घेता आली असती. पण हातात ट्रे होता.

मागच्या कप्प्यातून त्यांनी पातळ झालेला पेन्सिलचा कागद बाहेर काढला.

वाचता वाचता हसू गेलं. "हे मला आलंच नाही. थांबा, हे आलं होतं, हेच चौकोन होते, पण प्रश्न असे नव्हते." ते आडवे अकरावर थांबले. "मला आलं होतं, बरोबरच्या विरुद्ध. मी ऑफिसात बसून ते वाचलं, बाबा. मला वाटलं, आईच्या वेळी मी आलो नाही ते तुम्ही अजून विसरला नाहीत. मलाच विचारताय, की बोल, काय केलंस तू. चूक. भरलं मी. त्याच दिवशी भरलं, पण पाठवायला आठवडा लागला." मग त्यांचं बोट उजव्या कोपऱ्यात गेलं. उत्तराचा कागद घडी घालून मागेच होता, तो त्यांनी उलगडला.

मी ट्रे धरून उभी होते. आत्ता बोल, मी स्वतःला म्हणाले. बोल, भवाने, आत्ता बोल.

"हे मग बदललं का?" दादांनी विचारलं. "कोणी बदललं?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही. छताकडे बघत, त्या बारीक आवाजात, एकेक शब्द तोडत म्हणाले, "मीच. धीर झाला नाही."

दादांनी त्यांचा थरथरता हात दोन्ही हातांत धरला. "मलाही नाही झाला, बाबा," म्हणाले आणि रडायला लागले. मी ट्रे स्टुलावर ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. नळ सोडला, म्हणजे कोणाला काही ऐकू जायला नको.

दादा परत गेल्यावर मी एकदा बाबांच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "बाबा, तुम्ही असं का सांगितलंत?" ते म्हणाले, "तुला इथे राहायचंय. त्याला जायचं होतं." आणि थोड्या वेळानं, ओठाच्या एका कोपऱ्यातून, जुन्या तऱ्हेनं, "आणि सुधारलेलं वाईट नव्हतं. फक्त कोणाला पाठवायचं ते चुकलं." मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडले. त्यांनी उठवलं नाही. उठवण्याइतका हात चालत नव्हता.

पुढच्या वर्षी बाबा गेले. या वेळी दादा वेळेवर पोचले. दहाव्याला नातेवाइकांत बसून ते सांगत होते, "बाबा मोठे कडक, पण आतून भित्रे हो. त्यांना मला 'ये' असं लिहायचं होतं, लिहिलंही, आणि ऐनवेळी खोडलं. धीरच झाला नाही त्यांना." सगळे प्रेमानं हसले. मीही तिथेच बसले होते, सगळ्यांना पाणी देत.

अजूनही ते असंच सांगतात, आपल्या मुलांनासुद्धा. मी प्रत्येक वेळी ऐकून घेते. म्हणून आज हे लिहितेय, आणि या वेळी कशालाही कुलूप घातलेलं नाही.

दादा, तुमच्या वडिलांना धीर झाला होता. हात थरथरत होता, तीन आठवडे लागले, पण झाला होता. तो चौकोन पांढरा होता. धीर मला झाला नाही.